फाटकावरची पाटी

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय पुरुषोत्तमकाका, व्यासपीठावरच्या प्रमुख पाहुण्या डॉ. सुमेधाताई, मंडळाचे कार्यवाह आणि आजच्या सगळ्या धावपळीचे धनी विवेक, माझ्याआधी बोललेले आणि आमच्याविषयी नको तितकं चांगलं बोललेले सर्व वक्ते, मागच्या टेबलांवरच्या ट्रेची झाकणं हळूच उचलून बघणारी बालमंडळी, आणि रविवारची दुपार, त्यात फुटबॉलची मॅच, हे सगळं सोडून हायवेनं इतक्या लांबून आलेल्या बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा मनापासून जय भीम आणि नमस्कार.

मी प्रणिता मेश्राम. पाच मिनिटं बोला, असं विवेकनं बजावलंय. नागपूरला मी शाळेत शिकवत होते, त्यामुळे घंटा झाल्याशिवाय थांबायची मला सवय नाही. तेव्हा काका, ती टेबलावरची घंटा आपल्याजवळच राहू द्या, फक्त जरा उशिरा वाजवा.

सुमेधाताई आत्ता म्हणाल्या की त्यांना आमचा हेवा वाटतो. आमच्या यांना परत जकार्ताला कंपनीचं पोस्टिंग मिळालं, पुन्हा ड्रायव्हर, घरकामाला बाई, बारा महिने ऊन, दारात केळी आणि नारळ, डॅलसच्या विमानतळावर उभं राहून बर्फ खरवडायची भानगड नाही. ताई, अगदी खरं आहे. दोन वर्षं आम्ही तिथे राजेशाही थाटात राहिलो. म्हणजे बुटांना आठवड्यात बुरशी यायची, मिठाच्या बरणीत तांदूळ घालूनही मीठ ओलंच, आणि भिंतीवरच्या पाली इतक्या जोरात बोलायच्या की फोनवर नागपूरला माझ्या आईला वाटायचं घरात कुणी पाहुणे आलेत. पण थाट होता. सकाळी भाजीची गाडी यायची आणि आमच्या सासूबाई, गिरजाबाई, त्या समोर बसल्या आहेत बघा, पहिल्या रांगेत, पांढऱ्या लुगड्यात, त्या भाजीवाल्याशी चक्क नागपुरीत घासाघीस करायच्या. तो त्याच्या भाषेत ओरडायचा, या आपल्या भाषेत. आणि वांगी घरात यायची. इथे डॅलसशेजारी प्लेनोत आल्यापासून त्यांना घासाघीस करायला माणूसच मिळालेला नाही. खिडकीतून त्यांना दिसतं काय, तर आठवड्यातून एकदा गवत कापणारा माणूस, आणि त्याच्याही कानाला हेडफोन.

आता थोड्या वेळापूर्वी सगळे ज्यावर हसलात, तिथे येते. भेट काय द्यावी हे विचारायला विवेक मागच्या आठवड्यात आमच्या घरी आला होता. शाल देऊ की चांदीचं काही, असं त्यानं सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "पक्कड दे. चांगली. तार तोडाची." विवेकला वाटलं आजी गंमत करतात. तरी बिचाऱ्यानं हार्डवेअरच्या दुकानात जाऊन लाल मुठीची उत्तम पक्कड आणली, आणि आत्ता काकांच्या हस्ते शाल, फुलं आणि पक्कड असा सत्कार झाला. सारा हॉल हसला. मीही हसले, पण सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी ती पक्कड उघडमीट करून पाहिली आणि पिशवीत ठेवली.

तुम्ही सगळ्यांनी मला दोन प्रश्न विचारले आहेत. एक, ही पक्कड कशासाठी? आणि दुसरा, हा कुणी मोठ्यानं विचारला नाही, पार्किंग लॉटमध्ये, फोनवर, आवाज खाली करून विचारला, की तुम्ही खरंच परत जाताय? मुलांना घेऊन? राधिका तर म्हणाली, यार, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? राधिका, नव्हतं. परवापर्यंत जकार्तासाठी माझी बॅग भरलेली नव्हती. यांना आणि सासूबाईंना जकार्ताचं तिकीट, आणि मला, उपासनाला, राकेशला नागपूरचं, असं माझ्यापुरतं ठरलेलं होतं. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, आणि त्यासाठी मला दीड वर्ष मागे जावं लागेल. विवेक, घड्याळाकडे बघू नकोस.

अठ्ठ्याण्णवचा मे महिना. सोमवारी बुद्धपौर्णिमा झाली. आम्ही घराच्या पुढच्या गॅलरीत पंचशील ध्वज लावला होता, कंदील लावले होते, आणि कॉम्प्लेक्समधल्या सगळ्या भारतीय घरांत खीर वाटली होती. शेजारी मेलानी राहायची. तिथे मोठ्या बाईला तान्ते म्हणतात, म्हणून मुलं तिला तान्ते मेलानी म्हणत. चिनी वंशाची, पण तिचे पणजोबासुद्धा तिथेच जन्मलेले. तिनं आमचा ध्वज पाहिला आणि आत जाऊन तस्साच आपला घेऊन आली. एकमेकींची भाषा येत नसलेल्या दोन बायका, एक उमरेडच्या आमच्या सासूबाई आणि एक जकार्ताची मेलानी, झेंडे शेजारी शेजारी धरून उभ्या. त्या दिवसापासून दोघींचं जे सूत जमलं ते मला आजही नीट सांगता यायचं नाही.

आणि त्याच आठवड्यात शहर पेटलं. काय झालं, का झालं, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंय, मी त्यात पडत नाही. मला एवढंच कळत होतं की जमाव चिन्यांची दुकानं आणि घरं शोधतोय, आणि आकाश काळं झालंय. हे शहराबाहेर कारखान्यात अडकलेले, रस्ते बंद, फोन लागला तर लागला. घरी मी, सासूबाई आणि दोन लेकरं.

मेलानी भिंतीपाशी आली. तिनं आपल्या दारावरचे चिनी शुभाक्षरांचे लाल कागद खरवडून काढले होते, नखांखाली लाल रंग तसाच होता. तिनं आमच्या गॅलरीकडे बोट दाखवलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. बाहेरच्या माणसाला तो ध्वज कुणाचा वाटणार? आणि पुढच्या खोलीतली, खिडकीतून सरळ दिसणारी बुद्धमूर्ती? नागपुरात आमची ओळख सांगणारी वस्तू इथे भलत्याचीच ओळख सांगत होती. मी ध्वज उतरवला. मूर्ती उचलून मागच्या सामानाच्या खोलीत नेली. सासूबाई बघत होत्या.

एवढ्यात फाटकावर गुरुदत्त आले. तिथल्या भारतीय मंडळाचे सेक्रेटरी, एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलला. भला माणूस, स्वतःच्या जिवाची पर्वा न करता घरोघर फिरत होता. त्यांच्या हातात पाट्या होत्या. तिथल्या भाषेत, मोठ्या अक्षरात, 'भारतीय हिंदू कुटुंब'. जाड प्लॅस्टिकच्या, कोपऱ्यांना भोकं पाडलेल्या, बांधायला तार सोबत. अशा वेळीसुद्धा माणसानं क्वालिटी सोडली नाही बघा. दोन दिवसांपूर्वीच आमच्याकडची खीर खाऊन गेले होते, त्यामुळे माझ्या हातात पाटी देताना जरा अडखळले. म्हणाले, काकूंना सांगा, नावापुरतीच आहे, शांत झालं की काढून टाका. आणि पुढच्या घराकडे पळाले.

इथे थोडं विषयांतर करते, अध्यक्षांनी सांभाळून घ्यावं. या मंडळात सगळे आहेत. गणपतीत आम्ही आरतीला उभे राहत नाही, पण मोदक वाटायला आम्हीच पुढे असतो, आणि चौदा एप्रिलला तुम्ही सगळे आमच्याकडे जेवायला असता. कुणाला कुणाचं वावडं नाही. तेव्हा मी जे सांगणार आहे ते कुणाच्या धर्माला लावून घेऊ नये. छप्पन साली सासूबाई नवी नवरी होत्या. उमरेडकडून पायी नागपूरला गेल्या, पांढरं लुगडं नेसून लाखो माणसांत उभ्या राहिल्या आणि दीक्षा घेऊन घरी आल्या. पुढे आमच्या यांच्या शाळेच्या दाखल्यावर धर्म या शब्दापुढे कारकुनानं जुनंच लिहिलं, तेव्हा ही बाई, जिला वाचताही येत नव्हतं, शाळेच्या पायरीवर उन्हात बसून राहिली. हेडमास्तर म्हणाले उद्या बघू, तरी उठली नाही. दुसरा दाखला लिहून मिळाला, दुसऱ्या गावच्या माणसाकडून वाचून घेतला, तेव्हाच उठली. त्या बाईसमोर मी ती पाटी घेऊन उभी होते.

मला काय करावं सुचेना. लावू नये तर दोन लेकरं घरात. लावावी तर कोणत्या तोंडानं. राकेश माझा पदर धरून रडत होता. सासूबाईंनी विचारलं, काय लिहिलंय? मी खरं ते सांगितलं. त्यांनी हात पुढे केला.

"दे इकडे. मी बांधतो माह्या हातानं. तू बांधशील त मले जन्मभर वाटन का सुनेनं केलं."

आणि त्यांनी जाऊन बांधली. चारही कोपऱ्यांना, तारेचे पीळ देऊन देऊन. मग आत आल्या, हात धुतले, आणि सामानाच्या खोलीत मूर्तीपुढे जाऊन बसल्या.

पाटी लागल्यावर मेलानी आणि तिची मुलगी मागच्या भिंतीवरून आमच्याकडे आल्या. तिचा नवरा सुराबायाला होता. उपासनानं त्या मुलीला हात धरून वर ओढून घेतलं, उपासनाच्या कोपराला अजून त्याची खूण आहे. आम्ही सगळे त्या खोलीत, तांदळाच्या पोत्यांच्या मागे. गल्लीत आवाज आला. एकेका फाटकावर सळई आपटत कुणीतरी चाललेलं. सासूबाई पुटपुटत त्रिसरण म्हणू लागल्या, आणि मेलानीनं मान वर केली. तेच शब्द तिला येत होते. चाल वेगळी, शब्द तेच. दोघी एकमेकींचा हात धरून ओठांतल्या ओठांत म्हणत राहिल्या. आमच्या फाटकावरून सळई फिरल्याचा आवाज आला, थांबला, आणि पुढे गेला. पाटीनं वाचवलं की त्यांना पुढे जायची घाई होती, मला आजही माहीत नाही.

दोन दिवसांनी कंपनीची व्हॅन आली. आमच्यापुरतीच जागा, आमच्यापुरतेच पासपोर्ट. मी घराची किल्ली मेलानीच्या हातात ठेवली. व्हॅन गल्लीच्या वळणावर गेली आणि सासूबाई एकदम म्हणाल्या, "पाटी राह्यली." ड्रायव्हर थांबायला तयार नव्हता आणि मला थांबवायचं नव्हतं. आणि मग आम्ही तुमच्या या प्लेनोत आलो, मोठं घर, मोठी गाडी, मोठा फ्रीज.

तुम्ही आम्हाला काय दिलं नाही? सोफा दिला, भांडी दिली, ड्रायव्हिंग शिकवलंत, दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी वादळाच्या भोंग्याची टेस्ट असते हे सांगितलंत, पण ते भोंगा वाजून गेल्यावर सांगितलंत. तोवर मी दोन्ही मुलांना कोटांच्या कपाटात घालून दार लावून बसले होते. चार जुलैच्या फटाक्यांचं तर विचारूच नका. आणि या सगळ्यात सासूबाईंचं एकच. मध्येच भाजी निवडताना म्हणायच्या, "थे पाटी अजून तिथंच असन." मी म्हणायची, अहो आई, तिथला पाऊस, तिथलं ऊन, कधीच गळून पडली असेल. त्या म्हणायच्या, गुरुदत्तची पाटी आहे, गळायची नाही. दीड वर्ष त्या बाईला असं वाटत राहिलं की तिकडे, जगाच्या दुसऱ्या टोकाला, आपल्या नावानं ते फाटक अजून काहीतरी भलतंच सांगत उभं आहे. म्हणूनच कंपनीनं पुन्हा विचारलं तेव्हा आमच्या यांच्याआधी होकार दिला तो सासूबाईंनी.

हे सप्टेंबरात घर बघायला जकार्ताला जाऊन आले. आल्यावर म्हणाले, पाटी आपल्या फाटकावर नाही. सासूबाईंनी डोळे मिटले. मला वाटलं, सुटलो. पण लहू मेश्राम हा माझा नवरा मुळात कमी बोलतो, आणि तो अजिबात बोलेनासा झाला की समजावं काहीतरी लपवतोय. शेवटी जेवताना उपासनाच म्हणाली, पप्पा, समथिंग इज राँग. तेव्हा त्यांनी सांगितलं. पाटी मेलानीच्या फाटकावर आहे. आम्ही गेलो त्याच दिवशी तिनं ती सोडवून आपल्या फाटकाला बांधली. तिचं घर राहिलं. आणि दीड वर्ष झालं तरी ती तिथेच आहे. यांना दारात बघून ती बिचारी शरमली, आधी पाटीच सोडवायला लागली. तार गंजलेली, सुटेना. हे म्हणाले, राहू द्या.

झालं. माझं तिथेच ठरलं. जी बाई तिथे जन्मली, जिला तिथली भाषा येते, तिची जर अजून पाटी काढायची हिंमत होत नाही, तर मी माझी लेकरं कशाला नेऊ? मी चुकीचं बोलत होते का? इथे बसलेल्या आयांनी सांगावं. महिनाभर आमच्या घरात हाच वाद. यांना मी वाट्टेल ते बोलले, तेही आज सर्वांसमोर मान्य करते, घरी जाऊन पुन्हा ऐकून घेणार नाही.

सासूबाईंनी वाद घातला नाही. एकदाच बोलल्या.

"अजून लावून हाये म्हणजे भेव गेलं नाही तिचं. एकटीच्यानं नाही निघत थे, बाई. मले जाऊ दे."

आणि परवा, शुक्रवारी, मी मुलांच्या बॅगा नागपूरसाठी भरत होते. उपासना दारात उभी राहिली. चौदा वर्षांची पोर, मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देते, तुमच्या घरीही तेच असेल. ती तशीच उभी राहून आपल्या कोपरावरची खूण चोळत होती. म्हणाली, "वी पुल्ड हर ओव्हर द वॉल, आई. अँड देन वी जस्ट लेफ्ट."

मी दीड वर्ष स्वतःला सांगत होते की आम्ही वाचलो. आम्ही कुणाला मागे ठेवून वाचलो हे मला माझ्या मुलीनं सांगावं लागलं. मी पलंगावर बसले आणि खूप रडले. मग उठून नागपूरची तिकिटं कॅन्सल केली.

तर हे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. गुरुवारी, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, विमान रिकामं असतं म्हणून स्वस्तात मिळालेल्या तिकिटांवर, आम्ही पाचही जण निघतोय. भीती वाटते का? वाटते. आत्ता वाटते, विमानात वाटेल, तिथे पहिल्यांदा गल्लीत कुणी मोठ्यानं ओरडलं की वाटेल. पण ती इथे कपाटात बसूनही वाटतच होती, आणि तिथे निदान शेजारी आणखी एक घाबरलेली बाई आहे. तुम्ही सगळे एकतीस डिसेंबरला ऑफिसात कॉम्प्युटरपाशी जागत बसणार आहात, दोन हजार साल उजाडलं की सगळं जग बंद पडणार म्हणून. तेव्हा आमचीही काळजी करा, आम्ही तुमची करू.

परवा मी सासूबाईंना विचारलं, आई, समजा ती नाही म्हणाली तर? समजा म्हणाली, आत्ता नको, पुढच्या वर्षी बघू? त्या म्हणाल्या, मग पक्कड खुंटीला टांगून ठेवू. ती म्हणेल त्या दिवशी काढू. तोवर आपल्या गॅलरीत झेंडा लावू, तिला रोज दिसेल.

घंटा वाजली काका, ऐकली मी. एवढंच उरलं आहे. या मंडळानं आम्हाला काही न विचारता आपलं मानलं, त्याचे आभार मानायला माझ्याकडे पुरेसे शब्द नाहीत, आणि होते तेही मी पाटीवरच खर्च केले. हॉल देणाऱ्यांचे, स्वयंपाक करणाऱ्यांचे, खुर्च्या लावणाऱ्यांचे आणि अजून आवरायच्या आहेत त्या आवरणाऱ्यांचे मनापासून आभार. बोलताना कुणाचा मान ठेवायचा राहिला असेल, एखादा शब्द कुणाला बोचला असेल, तर ती या घाबरट मास्तरणीची चूक समजून पोटात घाला.

आणि विवेक, तुला एक त्रास देते. तू पक्कड एकच आणलीस. तार दीड वर्षाची गंजलेली आहे, चारही कोपऱ्यांना पीळ आहेत. एकीनं धरायचं आणि दुसरीनं पिळायचं, तेव्हाच ती सुटेल. दुकान बंद व्हायच्या आत अगदी तशीच आणखी एक आण. ती मेलानीला आहे.

जय भीम.